परीक्षेआधीचा निकाल
जुनी गाडी, फिटनेस आणि आपला खिसा

डिसेंबरच्या बोनसचे दिवस जवळ येऊ लागले की आपल्या बेटावर जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराला तेजी येते. रस्त्याच्या कडेला धुऊनपुसून चकचकीत केलेल्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. काचेवर किंमत चिकटवलेली असते आणि किमतीखाली एखादी बारीक ओळ असते : फिटनेस मार्चपर्यंत, डिक्लेरेशन जूनपर्यंत. किंमत सगळेच वाचतात. खालची ओळ मात्र फार थोडे लोक विचार करून वाचतात. आमच्या मते खरी किंमत त्या खालच्या ओळीत लिहिलेली असते, आणि म्हणूनच आजच्या लेखासाठी आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गाडीच्या फिटनेसची मुदत महिना दोन महिन्यांत संपणार आहे आणि डीलर ती आजच विकत आहे. ती घ्यावी की न घ्यावी? घ्यायची तर कोणत्या अटीवर? आणि चाचणीत ती नापास झाली तर खर्च कोणाचा? हा प्रश्न एकेका कुटुंबाचा खासगी व्यवहार वाटतो, पण तो तसा नाही. ज्या गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत ती गाडी विकत घेणाऱ्यापेक्षा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला अधिक धोक्याची असते. आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत दरवर्षी शंभराहून अधिक माणसे जातात आणि त्यांत मोटारसायकलवाले व पायी चालणारे यांची संख्या मोठी असते. तेव्हा गाडीचा फिटनेस ही सार्वजनिक बाब आहे.

जुन्या गाड्या येतात कोठून?

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. १९५६ साली आपल्याकडची प्रवासी रेल्वे बंद झाली आणि १९६४ साली मालगाड्याही थांबल्या. त्यानंतर सहा दशके हे बेट बसवर आणि मोटारीवर चालले. मेट्रो एक्सप्रेस २०२० मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली, पण शामारेल, कास्काव्हेल किंवा काँ तोरेल येथे राहणाऱ्या माणसाच्या दारात मेट्रो येत नाही. ज्याला पहाटे कामावर जायचे आहे, ज्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत आणि इस्पितळ दूर आहे, त्याला गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात नोंदलेल्या वाहनांची संख्या सहा लाखांच्या वर गेली आहे, ती उगीच नव्हे.

नवी गाडी सगळ्यांनाच परवडत नाही. म्हणून जपानहून आलेल्या गाड्या, ज्यांना आपण रिकंडिशन्ड म्हणतो, त्यांचा मार्ग रुळला. जपानात आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात, त्यामुळे सुकाणू उजवीकडेच असते. तेथे शाकेन नावाची सक्तीची तपासणी आहे. नव्या खासगी मोटारीला ती तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. त्या वेळी दुरुस्ती, कर आणि सक्तीचा विमा यांचा खर्च एकदम अंगावर येतो. त्यामुळे पुष्कळ जपानी मालक शाकेनची तारीख जवळ आली की गाडी काढून टाकतात. ती लिलावात जाते आणि तेथून जहाजाने जगभर पसरते.

यातील गंमत वाचकांच्या ध्यानात आली असेलच. जपानी मालक तपासणीआधी गाडी विकतो. ती आपल्या बेटावर येते, येथील पहिला मालक काही वर्षे वापरतो आणि फिटनेसआधी डीलरकडे देतो. डीलर ती फिटनेसआधीच पुढच्या माणसाला विकतो. परीक्षेची तारीख आली की विद्यार्थ्याने शाळा बदलावी, तसाच हा प्रकार आहे. पण यावरून गाडी वाईटच असते असे अनुमान काढणे बरोबर नाही. जपानी मालक पुष्कळदा केवळ खर्च टाळण्यासाठी चांगली गाडी विकतो. तपासणीआधी विकणे हा दोषाचा पुरावा नाही. मात्र तो चौकशीचे कारण निश्चित आहे.

आयात केलेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठी आपल्याकडे ग्राहकसंरक्षण कायद्याखाली २००४ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यामुळे बंदरावर उतरणाऱ्या गाडीवर कोणाची तरी नजर असते. आमची चिंता त्या गाडीबद्दल कमी आहे. जी गाडी येथे येऊन सात, दहा, बारा वर्षे झाली, दोन तीन हातांतून गेली आणि आता पुन्हा डीलरच्या अंगणात उभी आहे, तिच्याबद्दल ती अधिक आहे. कारण अशी गाडी घेणारा सामान्यतः सर्वांत कमी पैसेवाला असतो आणि चूक झाली तर ती सोसण्याची ताकदही त्याच्याकडेच सर्वांत कमी असते.

फिटनेस काय सांगतो, काय सांगत नाही

फिटनेसची चाचणी म्हणजे नेमके काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. चाचणीत ब्रेक, सुकाणू, टायर, दिवे आणि त्यांचा रोख, शॉक अॅबसॉर्बर, धूर, गंजलेला सांगाडा, चासीचा क्रमांक अशा गोष्टी पाहतात. म्हणजे ही गाडी आज रस्त्यावर आणली तर इतरांना धोका आहे की नाही, एवढाच प्रश्न तेथे विचारला जातो.

इंजिन आणखी किती वर्षे चालेल, गिअरबॉक्स आतून कसा आहे, क्लच झिजला आहे काय, एअर कंडिशनर थंड हवा देतो काय, हायब्रिड गाडीची बॅटरी किती शिल्लक आहे, हे प्रश्न त्या चाचणीचे नव्हेत. मीटरवरचा आकडा खरा आहे का, याचीही ग्वाही ती देत नाही. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर फिटनेस म्हणजे किमान उत्तीर्ण होण्याचे गुण. पस्तीस गुणांनी पास झालेल्या मुलाला आपण हुशार म्हणत नाही. पण पस्तीससुद्धा मिळतील की नाही याची खात्री नसताना त्याला वरच्या वर्गात कोणी बसवावे काय?

येथेच मुद्दा आहे. फिटनेस झालेली गाडी चांगलीच असते असे नाही, परंतु फिटनेस न झालेल्या गाडीबद्दल तर किमान गोष्टही आपल्याला ठाऊक नसते. डीलर विकू इच्छितो, घेणारा घेऊ इच्छितो. या दोघांत ज्याचा काही स्वार्थ नाही असा तिसरा माणूस फक्त चाचणीच्या दिवशी गाडीखाली वाकून पाहतो. व्यवहार त्याच्या आधी पुरा झाला, तर तो तिसरा माणूस आपल्या उपयोगी पडत नाही.

आपल्या हवामानामुळे हे अधिकच महत्त्वाचे ठरते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून खातो आणि वरचा रंग मात्र टिकून राहतो. क्युरपीपच्या बाजूला वर्षभर दमट हवा असते. शिवाय १५ जानेवारी २०२४ चा दिवस कोण विसरेल? बेलाल वादळाच्या त्या दिवशी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या कागदी होड्यांसारख्या वाहत गेल्या. पाण्यात बुडालेली गाडी वाळवता येते, गालिचे बदलता येतात, वास घालवता येतो, पण आतल्या विजेच्या तारांत शिरलेली ओल कित्येक महिन्यांनी आपला गुण दाखवते. बाजारात उभ्या असलेल्या गाडीने ते पाणी पाहिले आहे काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. फिटनेसच्या प्रमाणपत्रावर त्याचे उत्तर नसते.

डीलरची तीन उत्तरे

फिटनेसचे काय, असे विचारले की साधारणतः तीनपैकी एक उत्तर मिळते.

पहिले उत्तर : "अजून दोन महिने आहेत की!" हे उत्तर खरे असते, पण ते उत्तरच नव्हे. मागची चाचणी झाली तेव्हाची गाडी आणि आजची गाडी एक नाही. त्यानंतर टायर झिजले, ब्रेकचे पॅड झिजले, पाऊस पडला, रस्त्यातले खड्डे लागले. उरलेल्या दोन महिन्यांत गाडी वापरता येईल हे त्या तारखेवरून कळते. ती चांगली आहे हे कळत नाही.

दुसरे उत्तर : "पास होणारच, पेना प्रोब्लेम!" ते ऐकायला गोड वाटते. यावर आमचे एकच म्हणणे आहे. पास होणारच असेल तर आजच नेऊ या. मुदत संपायची वाट पाहण्याचे कारण काय? डीलरला खरोखर खात्री असेल तर चाचणीचा खर्च त्याला जड नाही, कारण पास झालेली गाडी तो अधिक किमतीला विकू शकेल. ज्याला खात्री आहे तो मागे सरत नाही. जो मागे सरतो त्याची खात्री केवळ तोंडाची असते. या एका प्रश्नाने गाडीबद्दल जेवढे कळते तेवढे बॉनेट उघडूनही कळत नाही.

तिसरे उत्तर : "मी पास करून देतो." हे उत्तर सर्वांत चांगले असू शकते आणि सर्वांत वाईटही. डीलरने दोष दुरुस्त करून, बिलांसह, पास झालेली गाडी हातात दिली तर याहून उत्तम काही नाही. पण चाचणीपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवायचे आणि घरी आणल्यावर पुन्हा जुने बसवायचे, असेही करता येते. म्हणून चाचणीच्या दिवशी स्वतः बरोबर जावे आणि टायरवरचे क्रमांक टिपून ठेवावेत. नापासाचा कागद मिळाला तर तोही मागून घ्यावा. नापासाचा कागद हा जुन्या गाडीविषयीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज असतो.

आमच्या ओळखीच्या एका तरुण शिक्षकाने अशाच तोंडी शब्दावर गाडी घेतली. सात आठवड्यांनी ती नापास झाली. तो परत गेला तेव्हा डीलर रागावला नाही, वाईट बोलला नाही. त्याने फक्त इतकेच विचारले की, हे मी कोठे लिहून दिले आहे? या प्रश्नाला त्या तरुणाजवळ उत्तर नव्हते. आमचा सारा लेख या एका प्रश्नाभोवती फिरतो.

हिशेब मांडून पाहू

आता फळ्यावर मांडतो तसा एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा गाडी साडेतीन लाख रुपयांची आहे. एक लाख साठवलेले आहेत आणि अडीच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी काढले आहे. व्याजासह हप्ता महिन्याला पाच हजार बसतो. दोन महिन्यांनी चाचणी झाली आणि गाडी नापास ठरली. चार टायर बारा हजार, पुढचे ब्रेक नऊ हजार, दोन शॉक अॅबसॉर्बर दहा हजार, दिवे तीन हजार आणि मजुरी सहा हजार. एकूण झाले चाळीस हजार, म्हणजे आठ महिन्यांचे हप्ते.

हे चाळीस हजार काही आकाशातून पडले नाहीत. ते गाडी घेतली त्या दिवशीही गाडीतच होते, फक्त किमतीच्या कागदावर नव्हते. म्हणजे साडेतीन लाखांना घेतलेली गाडी वस्तुतः तीन लाख नव्वद हजारांची होती. चाचणी विक्रीआधी झाली असती तर दोनपैकी एक गोष्ट घडली असती. डीलरने स्वतः खर्च केला असता, किंवा ग्राहकाने तीन लाख दहा हजारांना गाडी मागितली असती. दोन्हींत ग्राहक डोळे उघडे ठेवून वागला असता.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी दारात उभी, तरी बँकेचा हप्ता ठरल्या दिवशी कापला जातोच. घाईत कोणी मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंडाची भीती, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद. एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत अशी वाढत जाते.

कायदा काय म्हणतो

काही वाचक म्हणतील, फसलेल्या माणसाला कायदा नाही काय? आहे, आणि तो फार जुना आहे. फ्रान्समध्ये १८०४ साली झालेला नेपोलियनचा दिवाणी कायदा त्या काळच्या इल द फ्रांसमध्ये लागू झाला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले तरी शरणागतीच्या अटींप्रमाणे येथले कायदे राहिले. त्यामुळे घोड्याबैलांच्या बाजाराचा विचार ज्या काळात चालत असे, त्या काळातली कलमे आज टोयोटा आणि निसानला लागू पडतात.

त्या कायद्याच्या कलम १६४१ पासून पुढे छुप्या दोषांविषयीची कलमे येतात. त्यांचा सारांश असा. विकलेल्या वस्तूत असा छुपा दोष असेल की तो ठाऊक असता तर घेणाऱ्याने ती घेतलीच नसती, किंवा कमी किमतीला घेतली असती, तर विक्रेता जबाबदार धरला जातो. घेणारा वस्तू परत करून पैसे मागू शकतो, किंवा वस्तू ठेवून किमतीतला काही भाग परत मागू शकतो. विक्रेत्याला दोष ठाऊक होता असे ठरले तर नुकसानभरपाईही द्यावी लागते. व्यावसायिक विक्रेत्याला आपल्या मालाचे दोष ठाऊक असतात असेच धरावे, ही फ्रेंच न्यायालयांची जुनी भूमिका आहे आणि अशा बाबतीत आपली न्यायालये फ्रेंच निर्णयांकडे पाहतात. म्हणजे "आहे तशी विकली" असे पावतीवर लिहिले की डीलर सुटला, असे नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण दोन शब्दांत आहे : "छुपा" आणि "आधी". जो दोष घेणाऱ्याला स्वतः पाहून कळण्याजोगा होता, त्याबद्दल विक्रेता जबाबदार नाही. गुळगुळीत झालेले टायर हा छुपा दोष नव्हे. ते तुम्हाला दिसत होते, असे डीलर म्हणेल आणि त्याचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. दुसरे असे की दोष विक्रीच्या आधीचा होता हे दाखवावे लागते. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी ती नापास झाली तर डीलर म्हणणार, तुम्ही दोन महिने कशी चालवली हे मला काय ठाऊक? तक्रारही वेळ न घालवता करावी लागते. रेंगाळणाऱ्याला कायदा मदत करत नाही.

आता चाचणीच्या तारखेचे महत्त्व ध्यानात येईल. चाचणी विक्रीआधी झाली तर दोष कोणाच्या हाती असताना होता याचा वादच उरत नाही. विक्रीनंतर आठवड्याभरात झाली तरी कागद आपल्या बाजूने बोलतो. मुदत संपेपर्यंत थांबलो तर जाणारा प्रत्येक दिवस आपला पुरावा पुसत जातो. उरलेले दोन महिने ग्राहकाला सवलत वाटतात, पण वस्तुतः ती सवलत विक्रेत्याला मिळते.

शेजारी काय करतात

दूर जायला नको. शेजारच्या रेयुनियन बेटावर फ्रान्सचा कायदा चालतो. तेथे चार वर्षांहून जुनी मोटार सामान्य ग्राहकाला विकताना सहा महिन्यांच्या आतील तपासणीचा अहवाल विक्रेत्याने द्यावा लागतो, मग तो विक्रेता व्यापारी असो की घरगुती माणूस. गाडीत दोष असले तरी विकता येते, पण दोष कागदावर येतात. न्यूझीलंड आपल्यासारखेच जपानी गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक आहे. तेथे विक्रीच्या वेळी गाडीचे प्रमाणपत्र एका महिन्याच्या आतले असावे असा नियम आहे. ग्राहकाला ते नको असेल तर चाचणी पास होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणणार नाही असे त्याने लेखी मान्य करावे लागते. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी चाचणी सुरू झाली आणि १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाडीलाही लागू झाली. आज तेथे कोणीही गाडीचा क्रमांक घालून तिच्या मागील चाचण्यांचे निकाल फुकट पाहू शकतो. कधी पास, कधी नापास, कशामुळे नापास आणि मीटरवर किती आकडा होता, सगळे तेथे दिसते.

आपण फ्रान्सकडून दिवाणी कायदा घेतला आणि ब्रिटनकडून वाहतुकीची शिस्त घेतली. आता दोघांकडून ही एकेक चांगली चाल घ्यायला हरकत नसावी. आमच्या मते सरकारपुढे दोन मागण्या ठेवण्याजोग्या आहेत. डीलरने विकलेल्या प्रत्येक जुन्या गाडीबरोबर विक्रीआधीचा ताजा अहवाल देणे सक्तीचे असावे. आणि नॅशनल लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटीच्या देखरेखीखाली होणाऱ्या चाचण्यांचा इतिहास, पासाचा तसाच नापासाचा, घेणाऱ्याला क्रमांकावरून पाहता यावा. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत. जी माहिती एकदा गोळा केली आहे ती दडवून न ठेवणे एवढेच लागते.

प्रामाणिक डीलरचाही यात तोटा नाही. आज चांगली गाडी विकणारा आणि रंगवलेली गाडी विकणारा हे दोघे एकाच रांगेत उभे असतात आणि ग्राहकाला फरक कळत नाही. त्यामुळे तो दोघांकडेही संशयाने पाहतो आणि दोघांनाही घासाघीस करून कमी पैसे देतो. ताजा अहवाल सक्तीचा झाला तर चांगल्या मालाला चांगला भाव मिळेल. जुनी गाडी विकणे हा काही अपराध नाही. दोष असलेली गाडी दोष सांगून, कमी किमतीला विकणे हाही सरळ व्यवहार आहे. आमचा आक्षेप फक्त न सांगण्याला आहे.

तोपर्यंत काय करावे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत आपले रक्षण आपणच करावे. पहिली गोष्ट, शक्य असेल तेथे पास झालेलीच गाडी घ्यावी. मुदत जवळ आलेली असेल तर चाचणी आधी करण्याचा आग्रह धरावा आणि डीलर तयार नसेल तर नमस्कार करून निघावे. बेटावर गाड्यांचा दुष्काळ नाही.

दुसरी गोष्ट, गाडी आवडलीच आणि चाचणी नंतरच होणार असेल, तर पावतीवर एक वाक्य लिहून घ्यावे : अमुक तारखेपर्यंत गाडी फिटनेस चाचणीत पास झाली तरच ही विक्री पक्की होईल, नापास झाली तर दुरुस्तीचा सर्व खर्च विक्रेत्याचा, नाहीतर घेतलेले पैसे परत. तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का हवा. हे वाक्य लिहून मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये आणि बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करू नये.

तिसरी गोष्ट, आपला स्वतःचा मेकॅनिक बरोबर न्यावा. डीलरच्या ओळखीचा नको. दिवसाउजेडी गाडी पाहावी, पावसात किंवा संध्याकाळी नव्हे. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, चढावर आणि उतारावर चालवून पाहावे. गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा आणि आसनांच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून त्यांवर चिखलाचे डाग आहेत का ते तपासावे.

चौथी गोष्ट, कागद वाचावेत. आपण ज्याला हॉर्सपॉवर म्हणतो ते नोंदणीपुस्तक मूळ स्वरूपात पाहावे आणि त्यातला चासीचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. गाडीवर कोणाच्या कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, याची चौकशी करावी. नंबरपाटीवरच्या सालावर विसंबून गाडीचे वय ठरवू नये, कारखान्यातून निघाल्याचे साल कागदावर पाहावे. जपानहून आलेल्या गाडीचा लिलावाचा कागद मिळाला तर उत्तमच. त्यावर आर किंवा आर ए असा शेरा असेल तर ती अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी आहे असे समजावे.

पाचवी गोष्ट, वाद झालाच तर दुकानात भांडत बसू नये. नोंदणीकृत पत्राने लेखी तक्रार द्यावी, प्रत ठेवावी, ग्राहक व्यवहार विभागाकडे किंवा ग्राहक संघटनेकडे जावे आणि रक्कम मोठी असेल तर वेळेवर वकिलाला विचारावे.

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना हे सगळे थोडे संकोचाचे वाटते, हे आम्ही जाणतो. समोरचा माणूस चांगला बोलतो, चहा देतो, ओळखीतला निघतो. मग त्याच्याकडून लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. परंतु आपले पूर्वज मुंबई बंदरातून या बेटाकडे निघाले तेव्हा ज्या करारावर त्यांनी अंगठा दिला तो त्यांना वाचता येत नव्हता. आज त्यांची नातवंडे इंग्रजी आणि फ्रेंच शाळेत शिकतात. घरातल्या त्या मुलाला किंवा मुलीला गाडी घ्यायला बरोबर न्यावे आणि पावती मोठ्याने वाचायला लावावी. शिक्षणाचा यापेक्षा रोकडा उपयोग दुसरा कोणता? लिहून घेणे हा अविश्वास नव्हे, ती व्यवहाराची रीत आहे. जो डीलर खरा आहे त्याला ती खुपत नाही.

परीक्षा घ्यावी, मग निकाल लावावा, हा क्रम शाळेत पहिलीच्या मुलालाही कळतो. गाडीच्या बाजारात मात्र निकाल आधी आणि परीक्षा मागून, असा उलटा क्रम रूढ झाला आहे आणि परीक्षेची फी भरतो तो ग्राहक. हा क्रम सरळ करण्याचे काम सरकारचे आहेच, पण प्रत्येक ग्राहकाने "आधी फिटनेस, मग पैसे" एवढे चार शब्द ठामपणे म्हटले, तरी बाजाराला आपली सवय बदलावी लागेल.